डिझाइनचे सॉफ्टवेअर: विकत की महिन्याने?

भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. अशा गावात डीटीपी-फ्लेक्सचे दुकान हंगामावर चालते. तुळशीचे लग्न लागले की लग्नपत्रिका, बाजार तेजीत आला की व्यापाऱ्यांची पावतीपुस्तके, निवडणूक आली की बॅनर. मधले महिने कोरडे. सॉफ्टवेअरचे पैसे मात्र आता बहुधा दरमहा मागितले जातात. ते द्यावेत की एकरकमी खरेदी करावी, हे ठरवण्याआधी दोन्ही व्यवहारांत हाती काय पडते ते पाहू.

एकरकमी खरेदी

इथे एका आवृत्तीचा कायमचा परवाना मिळतो. किरकोळ दुरुस्त्या काही काळ फुकट येतात. नवी आवृत्ती हवी तर पुन्हा पैसे. मराठी छपाईची एक पिढी अशाच खरेदीवर उभी राहिली: पेजमेकर आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली. त्यानंतर मोठी आवृत्ती निघाली नाही, तरी प्रेसमध्ये तिच्यावर काम होत राहिले.

पण परवाना कायमचा असला तरी संगणक कायमचा नसतो. विंडोज बदलली किंवा कंपनीने अ‍ॅक्टिव्हेशनचा सर्व्हर बंद केला, की जुनी आवृत्ती नव्या संगणकावर बसवणे अवघड होते. शिवाय पेजमेकरला युनिकोड कळत नाही. गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले मॅटर कन्व्हर्टरमधून काढावे लागते, नाहीतर पुन्हा टाइप करावे लागते.

सबस्क्रिप्शन

अ‍ॅडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केले की फोटोशॉप, इलस्ट्रेटरच्या नव्या आवृत्त्या फक्त क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीवर मिळतील. सीएस ६ ही विकत मिळणारी शेवटची मालिका ठरली. सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर बसते, पण वर्गणी चालू आहे का हे ते इंटरनेटवरून अधूनमधून तपासते. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबते. सुरुवात थोड्या पैशांत होते आणि नव्या आवृत्त्या मिळत राहतात, हा फायदा.

इथे एक अट नीट वाचावी. ‘वार्षिक करार, दरमहा भरणा’ म्हणजे महिन्याचा करार नव्हे. मध्येच सोडले तर दंड लागू शकतो. हा दंड ग्राहकापासून दडवला जातो, असा आरोप ठेवून फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून अमेरिकेच्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीवर दावा लावला.

हिशेब

आकडे समजण्यापुरते धरू. खरे दर त्या दिवशी पाहावेत. एकरकमी किंमत ३०,००० रुपये, वार्षिक कराराचे महिना १,५०० आणि सुट्या महिन्याचे २,०००. चार वर्षांचा खर्च असा:

- एकरकमी: ३०,०००
- वार्षिक करार: ७२,०००
- दरवर्षी हंगामाचे पाचच सुटे महिने: ४०,०००

आवृत्ती चार वर्षे पुरली तर खरेदी स्वस्त. दोनच वर्षांत नवी घ्यावी लागली तर तिचेच ६०,००० होतात आणि हंगामी वर्गणी परवडते. म्हणजे प्रश्न दोनच: वर्षातले किती महिने हे सॉफ्टवेअर कमाई करून देते, आणि एक आवृत्ती किती वर्षे पुरते? दर बघताना १८ टक्के जीएसटी धरला आहे का, तेही पाहावे.

फाइलींचे काय?

वर्गणी संपली तरी फाइल हार्ड डिस्कवर राहते, पण गेल्या वर्षीच्या पत्रिकेत फक्त नाव-तारीख बदलायची तरी ती उघडणार कशात? म्हणून प्रत्येक काम संपल्यावर तीन प्रती ठेवाव्यात: मूळ फाइल, छपाईची कर्व्ह केलेली पीडीएफ, आणि मजकूर साध्या युनिकोडमध्ये. कर्व्ह केलेल्या अक्षरांची आकृती होते. त्यात टाइप करून दुरुस्ती होत नाही. मजकुराची प्रत त्यासाठीच.

मधला मार्ग

कोरलड्रॉ एकरकमी आणि वर्गणी अशा दोन्ही प्रकारांत मिळत आले आहे. इंकस्केप, गिंप आणि स्क्रायबस फुकट आहेत. इंकस्केपमध्ये कोरलड्रॉच्या बऱ्याच सीडीआर फाइली उघडतात, पण मांडणी हलू शकते. ऑफसेटला लागणारे सीएमवायके त्याला नीट पेलत नाही. ते काम स्क्रायबस करते. अ‍ॅफिनिटी २०२४ मध्ये कॅनव्हाने घेतले आणि २०२५ पासून ते फुकट केले. मराठीसाठी ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट मोफत आहे. ‘क्रॅक’ हा मात्र पर्याय नव्हे: बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार गुन्हा आहे.

रोज लागणारे एक सॉफ्टवेअर विकत घ्यावे किंवा फुकटातले शिकून घ्यावे. कधीमधी लागणारे सुट्या महिन्याने घ्यावे. वार्षिक करार त्यानेच करावा, ज्याच्या दुकानात बारा महिने काम आहे.