घरपट्टी कुणी भरली?

सोमवारची सकाळ, पुण्यातलं ऑफिस, ऐन मीटिंग. तेवढ्यात मांडवीहून शेजारच्या काकींचा फोन. ‘‘अरे, तुमच्या दाराखाली पालिकेचं पाकीट पडलंय. घरपट्टी भरता ना?’’

मी गप्प! मोबाइल, लाइट, क्रेडिट कार्ड, सगळी बिलं तारखेला भरणारा मी. पण रत्नागिरीचं घर? मला वाटायचं दादा भरतो, दादाला वाटायचं मी. आजोबा गेले त्याला तीन वर्षं झाली. घराला कुलूप लावलं म्हणून घरपट्टी थोडीच थांबते?

शनिवारी मांडवी गाठली आणि जेट्टीवर बसून पाकीट फोडलं. गंमत बघा, ‘मांडवी’ या शब्दाचा जुना अर्थच मुळी जकातीचं ठाणं!

आता बिलाचा फंडा. तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येतील, याचा अंदाज पालिका धरते. समजा 24 हजार. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा. उरले 21,600. हे झालं ‘करयोग्य मूल्य’. त्यावर कराचे टक्के लागतात, शिवाय शिक्षण कर, वृक्ष कर वगैरे ओळी. रोजगार हमी कराची ओळ दिसली तर थबका. तो निवासी घराला लागत नाही. म्हणजे तुमच्या घराची नोंद व्यापारी वापराची झाली असू शकते.

खरा चटका शास्तीचा. मुदत उलटली की दरमहा 2 टक्के, म्हणजे वर्षाला 24! 2,000 रुपये थकले तर वर्षाला 480 रुपये नुसते आळसाचे. होम लोनसुद्धा एवढं महाग नसतं.

पण मला हादरवलं ते वरच्या नावाने. अजून आजोबाच! घरपट्टीची पावती हा काही मालकीचा पुरावा नव्हे. त्यासाठी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक लागतं. तरी उद्या घर विकायचं किंवा त्यावर कर्ज काढायचं म्हटलं, की दोन्ही कागद मागतात. वारसांची नोंद दोन्हीकडे वेगवेगळी करावी लागते, आपोआप काहीच होत नाही.

तेव्हा बॉस, बिल नुसतं भरू नका, वाचा. नाव, क्षेत्रफळ, वापर, एवढं तपासा. चार वर्षांतून एकदा आकारणी नव्याने होते. त्या वेळी नोटीस येते आणि त्यात हरकतीची शेवटची तारीख असते. काही चूक असेल तर तेव्हाच लेखी द्या आणि पोच घ्या. बंद घराच्या दारात नोटीस पडून राहिली, तर ती संधी गेलीच म्हणून समजा.

सोमवारी रजा टाकून थकबाकी भरली, वारसनोंदीचा अर्ज दिला. दादा आणि मी, दोघांच्या मोबाइलवर एप्रिलचा रिमाइंडर लावला. पावतीचा फोटो काकींना दाखवला, तर त्या म्हणाल्या, ‘‘बरं झालं. आता वर्षातून एकदा कुलूपही उघडत जा.’’