समुद्रांतील पहिली बुडी आणि मागाहूनच्या तक्रारी

मालवणच्या समुद्रांत बुडी मारून मासे व प्रवाळ पाहून येणें ही गोष्ट एके काळीं आम्हां नाशिककरांच्या स्वप्नींहि नव्हती. आतां दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटींत एकाच कुटुंबांतील दोन-तीन बिऱ्हाडें मिळून तारकर्लीस जातात. तेथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेंत, किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उभ्या असलेल्या होड्यांवर, पाठीस हवेचें नळकांडें बांधून तरुण मंडळी पाण्यांत उतरतात; आणि घरीं आल्यावर चार दिवस एकमेकांस विचारीत बसतात, “तुझाहि कान अजून भरलेलाच आहे का?” कोणास निजल्यावर पलंग होडीसारखा डुलतांना वाटतो, कोणाचा डोळा लालभडक होतो, कोणाच्या रुमालावर रक्ताचा ठिपका दिसतो. मग आजीबाई लसणीचें तेल तापवावयास ठेवतात. तेव्हां हीं लक्षणें कां होतात, त्यांपैकीं कोणतीं आपोआप जाणारीं आणि कोणतीं क्षणाचाहि विलंब न लावतां डॉक्टरांस दाखविण्याजोगीं, हें घरांतील वडील माणसांस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

या साऱ्या प्रकरणाचें मूळ हवेच्या एका साध्या धर्मांत आहे. रॉबर्ट बॉइल यानें तो १६६२ सालीं प्रसिद्ध केला. शाळेंतील मुलें तो पाठ म्हणतात; परंतु आपल्या कानांतहि तोच नियम चालतो, हें त्यांच्या ध्यानीं येत नाहीं. दाब दुप्पट झाला कीं हवेचें आकारमान निम्में होतें. समुद्राच्या पृष्ठभागीं एका वातावरणाचा दाब असतो, आणि पाण्यांत दर १० मीटरांस त्यांत आणखी एका वातावरणाची भर पडते. शरीराचा बहुतेक भाग जलमय असल्यामुळें त्यास हा भार जाणवत नाहीं. जाणवतो तो पोकळ्यांस: मध्यकर्ण, कपाळाच्या व गालांच्या हाडांतील पोकळ्या, फुप्फुसें, आणि डोळ्यांवर चढविलेल्या मुखवट्याच्या आंतील जागा. शिवाय सर्वांत मोठा फरक पडतो तो खोल पाण्यांत नव्हे, तर वरच्या थरांत. पहिल्या १० मीटरांत हवा निम्मी होते. तीच ३० मीटरांवरून ४० मीटरांवर नेली तर केवळ एकपंचमांशानें घटते. म्हणून “आम्ही कांहीं फार खोल गेलों नव्हतों” हें समाधान फोल होय.

प्रथम कानाचें पाहूं. मध्यकर्ण घशाशीं एका बारीक नळीनें जोडलेला आहे. सोळाव्या शतकांतील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी याच्या नांवानें ती ओळखली जाते. एरव्हीं ती मिटलेली असते, आणि गिळतांना किंवा जांभई देतांना क्षणभर उघडते. पाण्यांत उतरतांना ती उघडली नाहीं, तर बाहेरील दाब कानाच्या पडद्यास आंत ढकलतो. दीड-दोन मीटर खालीं जातांच कान ठणकूं लागतो तो यामुळें. नाक चिमटींत धरून हळूच फुंकावें म्हणजे नळी उघडते. ही युक्ति वाल्साल्वा या दुसऱ्या इटालियन वैद्याच्या नांवें प्रसिद्ध आहे. परंतु ती दुखूं लागण्यापूर्वीं, वरचेवर आणि हलक्या हातानें करावयाची असते. नवखा मनुष्य दुखेपर्यंत थांबतो व मग सर्व जोर लावून फुंकतो. तोंवर आंतील त्वचा सुजून तिच्यांतून पाण्यासारखा द्रव, क्वचित् रक्तहि, मध्यकर्णांत पाझरलेलें असतें. त्यामुळेंच कान भरल्यासारखा वाटतो, स्वतःचा आवाज घागरींतून आल्यासारखा घुमतो आणि गिळतांना कटकट असा शब्द होतो. सुश्रुतानें कर्णरोगांत गणलेला कर्णनादहि अशा वेळीं कांहींस ऐकूं येतो.

येथें आजीबाईंच्या तेलाविषयीं स्पष्टच लिहिणें प्राप्त आहे. हा द्रव पडद्याच्या आंतल्या बाजूस असतो. बाहेरून ओतलेलें तेल तेथवर पोंचत नाहीं. आणि पडद्यास भोंक पडलें असेल तर मात्र तें जेथें जाऊं नये नेमकें तेथें जातें. “कानांत पाणी राहिलें” म्हणून डोकें एका अंगास कलवून उड्या मारण्यानेंहि कांहीं साधत नाहीं. कान कोरडा ठेवावा, नाक जोरानें शिंकरूं नये, आणि तो पूर्ववत् होईपर्यंत दुसरी बुडी मारूं नये. बहुधा कांहीं दिवसांत तो मोकळा होतो. ठणका वाढला, कानांतून स्राव आला किंवा ऐकूं येणें कमी झालें तर कानाच्या डॉक्टरांकडे जावें. आणि घरें गरगर फिरून उलट्या होऊं लागल्या तर त्याच दिवशीं जावें.

डोळ्याचा लालपणा दिसावयास भयंकर, पण बहुतेक निरुपद्रवी असतो. मुखवट्याच्या आंत नाकानें थोडी हवा सोडली नाहीं म्हणजे मुखवटा पेल्यासारखा चिकटून ओढतो, व डोळ्याच्या पांढऱ्या भागांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात. दोन-तीन आठवड्यांत तो रंग जातो. दृष्टि अंधुक झाली असेल तर मात्र गोष्ट निराळी. जबडा दुखतो तो तोंडांतील रबर दांतांनीं घट्ट आवळल्यामुळें. पलंग डुलतो तो होडीची संवय मेंदूस अजून सुटलेली नसते म्हणून. थकवा व तहान यांचें कारण थोडें मौजेचें आहे: नळकांड्यांतील हवा अगदीं शुष्क असते, आणि गळ्याइतक्या पाण्यांत शिरतांच हातापायांतील रक्त छातीकडे लोटलें जाऊन मूत्रपिंडें अधिक मूत्र करूं लागतात. पाण्यांत राहूनच मनुष्य आंतून सुकतो! अशा वेळीं सोलकढीचा पेला बरा. डोकेंदुखी बहुधा भित्र्यांस होते. ते काटकसरीनें, अर्धवट श्वास घेतात, व त्यामुळें अंगांत कर्बवायु सांचतो.

ज्या गोष्टीचें खरें भय बाळगावयाचें ती निराळीच आहे. आमच्या नात्यांतील एक तरुण रोज पहांटे प्राणायाम करणारा. पाण्यांत आपला कुंभक उपयोगीं पडेल, अशा अभिमानानें तो निघाला होता. शिकविणाऱ्यानें त्यास किनाऱ्यावरच तीनदां दटाविलें, तें योग्यच झालें. रामकुंडांत बुडी मारणारा मुलगा वरची हवा छातींत घेऊन जातो आणि तीच घेऊन वर येतो. ती आधीं दबते व मग मूळच्याइतकी होते. स्कूबाचें तसें नाहीं. कुस्तो व गान्यां यांनीं १९४३ सालीं फ्रान्समध्यें जें यंत्र सिद्ध केलें, तें सभोंवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा तोंडांत देतें. १० मीटर खालीं भरलेली छाती कुंभक करून वर आणली, तर त्या हवेचें आकारमान दुप्पट होऊं पाहतें आणि फुप्फुस फाटतें. दीड-दोन मीटर पाण्यांतूनहि असा अपघात होऊं शकतो. म्हणून तेथें एकच मंत्र: श्वास कधीं कोंडूं नये, आणि वर येणें सावकाश, मिनिटास ९ मीटरांहून अधिक वेगानें नव्हे. वर आल्यावर छातींत कळ, धाप, आवाजांत बदल, मानेच्या त्वचेखालीं करकर, थुंकींत रक्त, किंवा क्षणभरहि शुद्ध हरपणें, यांतील एकहि लक्षण दिसलें तर “दमला असेल” असें म्हणून पंख्याखालीं निजवूं नये.

दम्याच्या रोग्यास यासाठींच आधीं प्रश्न विचारतात. होडीवर चढण्यापूर्वीं एक छापील कागद भरून घेतात. त्यांत दमा, हृद्रोग, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांची चौकशी असते. पैसे भरलेले, मंडळी खोळंबलेली, म्हणून पुष्कळजण न वाचतांच सर्वत्र “नाहीं” लिहितात. नव्या सुनेस दिवस गेलेले असतात, पण सासरच्या मंडळींस अजून सांगितलेलें नसतें. अशा वेळीं तिनें संकोचानें पाण्यांत उतरावें, यापेक्षां “मला सर्दी आहे” एवढें म्हणून होडींत बसून राहावें हें शतपटींनीं बरें. सर्दी असतांनाहि बुडी वर्ज्यच असल्यानें कोणी आग्रह करणार नाहीं.

शेवटचा प्रश्न घाटाचा. दाबाखालीं नत्रवायु रक्तांत अधिक विरघळतो, व दाब एकाएकीं कमी झाला तर सोड्याच्या बाटलीप्रमाणें त्याचे बुडबुडे होतात. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधतांना नदीच्या तळाशीं दाबाच्या हवेंत काम करणाऱ्या मजुरांस, आणि १८७२ सालीं खुद्द मुख्य अभियंता रोबलिंग यास, या रोगानें पंगु केलें. पॉल बेर यानें १८७८ सालीं त्याचें कारण दाखविलें; हॉल्डेन यानें बोकडांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. उथळ पाण्यांतील एका छोट्या बुडींत हा रोग विरळाच. तरी एका बुडीनंतर निदान १२ तास, व अधिक बुड्या झाल्यास निदान १८ तास विमानांत बसूं नये आणि सुमारें ६०० मीटरांहून उंच जाऊं नये, असा संकेत आहे. मालवणहून कोल्हापूरमार्गें निघालें तर आंबोलीचा घाट सुमारें ७०० मीटर. मुंबईवरून आलें तरी कसारा चुकत नाहीं, आणि आपलें नाशिक स्वतःच सुमारें ६०० मीटर उंचीवर वसलेलें. चिपीचा विमानतळ २०२१ सालीं सुरू झाल्यापासून सकाळीं बुडी मारून दुपारीं विमान गांठण्याचा मोहहि वाढला आहे. बुडी पहिल्या दिवशीं व किल्ला दुसऱ्या दिवशीं, असा क्रम ठेवला कीं ही अडचण उरत नाहीं.

इतकें करूनहि बुडीनंतर दिवसभरांत खांदा किंवा गुडघा खोल ठणकूं लागला, हातापायांस मुंग्या आल्या, पाय लटपटला, लघवी अडली किंवा अंगावर निळसर चट्टे उठले, तर वाताचा विकार म्हणून शेकत बसूं नये. रोग्यास तात्काळ रुग्णालयांत न्यावें, प्राणवायु लावण्यास सांगावें, आणि बुडी किती वाजतां, किती खोल व किती वेळ मारली हें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें; समुद्रापासून दूरच्या गांवीं तें कोणी विचारणार नाहीं. या रोगावर दाबाच्या कोठींत ठेवून उपचार करतात, आणि तशी कोठी मुंबईस कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयांत आहे.