वेबसाइटच्या बॅकअपला नाव काय द्यावं? ‘फायनल_नवीन’ का नको?

३१ जानेवारी २०१७. प्रोग्रॅमर्सचा कोड सांभाळणाऱ्या ‘गिटलॅब’च्या डेटाबेसमध्ये बिघाड झाला होता आणि दुरुस्ती सुरू होती. ‘डीबी२’ या दुय्यम सर्व्हरवरचा डेटा काढून टाकायचा होता. कमांड चालली ती मात्र ‘डीबी१’वर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटापैकी जेमतेम साडेचार जीबी उरला होता.

मग बॅकअप शोधायला घेतले. रोज होतोय असं सगळे समजत होते, तो डेटाबेसचा बॅकअप तयारच होत नव्हता. अखेर सहा तासांपूर्वी एका कर्मचाऱ्याने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत उपयोगी पडली. लोकांचा कोड वाचला, पण मधल्या सहा तासांतल्या नोंदी आणि कॉमेंट्स गेल्या.

मुख्य आणि दुय्यम सर्व्हरच्या नावांत फरक होता फक्त एका आकड्याचा. घाईच्या वेळी माणूस नाव बघूनच निर्णय घेतो. बॅकअपच्या फाइललाही हेच लागू होतं.

बॅकअपमध्ये असतं काय?

वर्डप्रेसवरची साइट घ्या. तिचे दोन भाग असतात. लेख, पानं, कॉमेंट्स, ऑर्डर्स हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. फोटो, थीम आणि प्लगइन्स फाइल्समध्ये असतात. साइट परत उभी करायला दोन्ही लागतात, तेही एकाच वेळचे. डेटाबेस मार्चचा आणि फोटो जानेवारीचे असतील तर लेख दिसतील, पण फोटोंच्या जागी रिकामे चौकोन येतील. म्हणून जोडीतल्या दोन्ही फाइल्सना एकच तारीख-वेळ द्या.

नावात काय काय हवं?

कोणती साइट, कोणता भाग, कधी घेतला आणि कशासाठी घेतला, या चार प्रश्नांची उत्तरं नावातच मिळायला हवीत. उदाहरणार्थ:

मसाला-दुकान_डेटाबेस_२०२५-०३-१४_०२३०_अपडेटपूर्वी
मसाला-दुकान_फाइल्स_२०२५-०३-१४_०२३०_अपडेटपूर्वी

प्रत्यक्षात हेच नाव रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहा, मधे मोकळी जागा सोडू नका. काही सर्व्हर आणि झिप प्रोग्रॅम देवनागरी नावांचा पार चुथडा करतात.

‘नवीन’, ‘लेटेस्ट’, ‘फायनल’ हे शब्द टाळा. आजचा ‘नवीन’ पुढच्या आठवड्यात जुना होतो, नाव मात्र तेच राहतं.

तारीख उलटी का लिहायची?

आपण आधी दिवस लिहितो. कॉम्प्युटर मात्र नाव डावीकडून एकेक अक्षर वाचत क्रम लावतो. त्यामुळे ‘१४-०२-२०२५’ ही फाइल ‘१५-०१-२०२५’च्या आधी दिसते. फेब्रुवारी आधी, जानेवारी नंतर! वर्ष-महिना-दिवस असं लिहिलं की क्रम आपोआप बरोबर लागतो. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक हीच पद्धत सांगतं. ‘३’ऐवजी ‘०३’ लिहायला विसरू नका, नाहीतर १० क्रमांकाचा महिना तिसऱ्याच्या आधी जाऊन बसेल.

फाइलची तारीख कॉम्प्युटर दाखवतोच की? दाखवतो, पण फाइल डाउनलोड किंवा कॉपी केली की ती बदलू शकते. शिवाय बरेच सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपल्याकडे पहाटे २ वाजता घेतलेल्या बॅकअपवर तिथे आदल्या दिवसाची तारीख पडते. एकच वेळ ठरवा आणि तीच पाळा.

एक अपवाद आहे. अपड्राफ्टप्लससारखे प्लगइन स्वतःच नाव देतात आणि त्या नावावरूनच फाइल ओळखतात. ती नावं बदलू नका. साइट आणि महिन्यानुसार फोल्डर करून त्यात ठेवा.

ठेवायचा कुठे?

‘बॅकअप.झिप’ नावाची फाइल वेबसाइटच्याच उघड्या फोल्डरमध्ये राहू देणं धोक्याचं आहे. अशी ठरावीक नावं शोधत फिरणारे बॉट असतात. पत्ता जुळला तर कोणीही ती फाइल डाउनलोड करू शकतं आणि तिच्यात डेटाबेसचा पासवर्डही असू शकतो.

दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणीच हवी. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ‘ओव्हीएच’ कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांचे बॅकअपही तिथेच होते, त्यांच्या हाती काहीच उरलं नाही.

किती जुने ठेवायचे?

रोजचे सात, आठवड्याचे चार आणि महिन्याचे बारा, हा लहान साइटला पुरणारा हिशोब आहे. तिन्हींसाठी वेगळे फोल्डर करा. साइट हॅक झाल्याचं कधी कधी महिन्याने कळतं. तेव्हा रोजच्या सातही प्रती बिघडलेल्या असतात आणि महिन्याची जुनी प्रतच वाचवते.

आणि शेवटची गोष्ट

नाव बरोबर असलं तरी फाइल रिकामी असू शकते. आकार तपासा. कालपर्यंत २०० एमबी असलेली फाइल आज २ केबीची झाली असेल तर काहीतरी बिनसलंय. महिन्यातून एकदा एखादा बॅकअप चाचणीच्या साइटवर चढवून बघा. साइट नीट उघडली, तरच तो बॅकअप खरा.