सकाळी दुखणारे पोट

शाळेला निघायच्या वेळी तुमच्या मुलाचे पोट दुखते, आणि रविवारी मात्र दुखत नाही. असे असेल तर ‘सोंग करतो’ म्हणून दप्तर पाठीवर चढवू नका. भीतीने पोटात खरेच कळ येते.

कर्जत-खालापूर भागात जमिनी गुंठ्यांवर आल्या, काहींच्या बंगल्यांच्या प्लॉटांत गेल्या. उरलेली सगळी आशा एका मुलावर. सकाळी खोपोली-कर्जत गाडी, दिवसभर शाळा, संध्याकाळी क्लास आणि रात्री ताटावर पहिला प्रश्न, “किती पडले?” वर शेजारच्या मुलीचे टक्के!

खाचरात आपण हळवे, निमगरवे, गरवे भात बरोबर ओळखतो. हळवे पोटरीत आले म्हणून गरव्याला कोणी नापास ठरवत नाही. घरातल्या दोन भावांच्या बाबतीत मात्र हा हिशेब आपल्याला सुचत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हीला बंदी केली. घराला ते कलम लागू नाही, आणि टोचून बोलण्यात आपण मास्तरांना मागे टाकू.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२१ साली महाराष्ट्रात १,८३४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. देशात सर्वांत जास्त. सगळ्यांचे कारण परीक्षा नव्हते. पण निकालाच्या दिवशी मुलाला एकटे ठेवू नका, आणि फवारणीची औषधे कायम कुलपात ठेवा. त्याला आधीच सांगून ठेवा की, दहावीत राहिले तरी वर्ष जात नाही. २०१५ पासून त्याच पावसाळ्यात पुन्हा परीक्षा देता येते. एक-दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीची सवलत आहे.

जेवण तुटले, झोप उडाली, बोलके मूल गप्प झाले आणि हे पंधरा दिवस टिकले, तर अंगारे-धुपारे करीत बसू नका. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागला जिल्हा रुग्णालयात दाखवा. मरणाची भाषा कानावर आली तर एक दिवसही थांबू नका. “जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का?” असे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मूल मोकळे होते. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६. रात्रंदिवस, फुकट, मराठीतून. मुलाला बोलवत नसेल तर आईने किंवा आजोबांनी फोन लावला तरी चालतो.