पोटांतील बिऱ्हाडकरू

जंतु म्हणजे शत्रु, हें सूत्र आम्हीं शाळेंत तीस वर्षें फळ्यावर लिहिलें. पाणी उकळावें, नखें कापावींत, जेवणापूर्वीं हात धुवावेत, या उपदेशांतील एक अक्षरही मागें घेण्याचें कारण आम्हांस आज दिसत नाहीं. परंतु तें सूत्र अर्धेंच होतें, आणि उरलेला अर्धा धडा आम्हांस पेन्शन घेतल्यावर स्वतःच्या पोटानें शिकविला.

गतवर्षीं ऐन पावसाळ्यांत पेण येथें आम्हांस पडसें-खोकला झाला. एका डॉक्टरांनीं घाईघाईनें प्रतिजैविक गोळ्या लिहून दिल्या. त्या आम्हीं श्रद्धेनें घेतल्या. आणि गुण येईना म्हणून घरांतील डब्यांत मागील दुखण्याच्या उरलेल्या गोळ्या होत्या, त्याही स्वतःच्याच अकलेनें घेतल्या! पडसें जावयाचें तेव्हां गेलें. पोट मात्र बिघडलें तें दोन महिने. अंगावरचे कपडे सैल होऊं लागले, घरची मंडळी धास्तावली. तपासण्या झाल्या, भयंकर असें कांहीं निघालें नाहीं. तेव्हां विश्रांतीसाठीं आम्ही रोह्यास वडील बंधूंकडे गेलों. तेथें पुतण्याची कन्या सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर आहे. सर्व हकीकत ऐकून ती म्हणाली, "आजोबा, पडसें विषाणूंचें. त्यांना या गोळ्या बाधतच नाहींत. तुम्हीं पोटांतलीं बिऱ्हाडें मात्र उठवलींत."

कोणतीं बिऱ्हाडें, असें आम्हीं विचारलें, आणि पुढें चार दिवस आमचीच शाळा भरली.

मनुष्यदेहांत त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारें ३० लक्ष कोटि, आणि जंतु सुमारें ३८ लक्ष कोटि, असा अंदाज २०१६ सालीं प्रसिद्ध झाला आहे. या जंतूंचें वजन मात्र सुमारें २०० ग्रॅम, म्हणजे जुन्या पावशेराहूनही कमी. बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आंतड्यांत. हे बिऱ्हाडकरू भाडें बुडवीत नाहींत. आपणांस न पचणारा चोथा ते आंबवितात. त्यापासून होणारें ब्युटिरिक आम्ल हेंच तेथील अस्तराच्या पेशींचें मुख्य अन्न. शिवाय जागा अडवून बसल्यामुळें ते परक्या रोगजंतूंस ठाव मिळूं देत नाहींत. ही वस्ती उजाड झाली कीं कधीं कधीं क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नांवाचा जंतु माजतो व वारंवार उलटणारा अतिसार जडतो. अशा रोग्यांस निरोगी माणसाच्या मळांतील जंतु देऊन पाहिल्याचा प्रयोग हॉलंडमधून २०१३ सालीं प्रसिद्ध झाला, व त्यांतील बहुतेक रोगी बरे झाले. वाचकांस किळस येईल, आम्हांसही आली.

मातेच्या दुधांत तर कांहीं शर्करा अशा असतात कीं त्या बाळास पचतच नाहींत. त्या असतात बाळाच्या पोटांतील बायफिडोबॅक्टेरियम जंतूंसाठीं. आई एकाच पानावर दोघांस जेवूं घालते.

परंतु आम्ही रेंगाळलों ते वालाच्या बिरड्यापाशीं. वाल वातुळ, ही तक्रार आमच्या मुलखांत कोणत्या घरीं नाहीं? वालांतील रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा फोडणारें द्रव्य मनुष्याच्या आंतड्यांत नाहीं. त्या तशाच खालीं उतरतात आणि जंतु त्यांवर तुटून पडतात. तो वायु म्हणजे त्यांच्या पंक्तीचा गलबला! वाल भिजवून, फडक्यांत बांधून मोड आणले म्हणजे या शर्करा बऱ्याच घटतात. मोड आल्याखेरीज वालास हात लावूं न देणाऱ्या आमच्या मातोश्रींना आम्ही लहानपणीं हंसत असूं.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रांतील डॉ. योगेश शौचे व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं दोन एकत्र कुटुंबांतील, एकाच छपराखालीं राहणाऱ्या तीन-तीन पिढ्यांच्या जंतूंची तुलना प्रसिद्ध केली. वयाप्रमाणें जंतूंच्या मोठ्या वर्गांचें परस्परप्रमाण बदलतें, असें त्यांस आढळलें. माणसें सहाच, त्यामुळें सिद्धांत बांधण्यास हें थोडें. परंतु आजोबा आणि नातू एका पंक्तीस बसूनही पोटानें एक नसतात, ही कल्पना आम्हांस फार आवडली.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत कृमींचे वीस प्रकार सांगतांना 'सहज' कृमि वगळले आहेत, व टीकाकारानें ते विकार न करणारे म्हटले आहेत. यावरून आमच्या पूर्वजांस सर्व ठाऊक होतें असें म्हणणारे आमचे एक स्नेही आहेत. आम्हांस तें धाडस होत नाहीं. सूक्ष्मदर्शकावांचून जंतु दिसत नाहीं. पण शरीरांत असणारा प्रत्येक जीव वैरी नव्हे, एवढा विचार त्यांनीं केला, हें थोडें नाहीं.

रोह्यास वहिनी आम्हांस रोज दुपारीं मऊ भात व ताक वाढीत. महिन्यानें पोट ताळ्यावर आलें. तें ताकानें कीं काळानें, हें निश्चयानें सांगतां येत नाहीं. विरजणांतील जंतु आंतड्यांत सहसा कायमचें बिऱ्हाड करीत नाहींत, असें नातच म्हणते. वहिनींचें मत अर्थात् निराळें आहे.

पेणला परतलों तों धाकट्या नातवास पडसें. सूनबाईंनीं नेहमींप्रमाणें गोळ्यांचा डबा काढला. त्यांस काय बोलणार? ती संवय आम्हींच घरांत लावलेली. गोळ्या बाजूस ठेवून आम्ही मुलास डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं छाती, कान, घसा नीट पाहिला व म्हणाले, "प्रतिजैविकाचें कारण नाहीं, ताप चढला किंवा धाप लागली तर मात्र लगेच आणा." ती रात्र आम्हीं त्याच्या कपाळावर हात ठेवून जागून काढली. चौथ्या दिवशीं तो अंगणांत होता.