बारीक दळली म्हणजे कडक झाली?

गिरणीत डबा ठेवताना आपण न चुकता बजावतो, 'लाडवाचं आहे, जाडसर काढा.' कॉफीच्या दुकानात मात्र 'पाव किलो द्या' म्हणून मोकळे होतो. माटुंग्यात समोर कॉफी दळून देणाऱ्या दुकानदाराने 'कशात करणार?' विचारलं, की उगाच चौकशा करतोय असं वाटतं. खरं तर त्याचा प्रश्न अगदी नेमका असतो.

गैरसमज : जितकी बारीक दळाल तितकी कॉफी कडक.

कॉफी किती दाट होणार हे मुख्यतः पूड किती आणि पाणी किती यावर ठरतं. दळणावर अवलंबून असतं ते, पाण्याला पुडीतून अर्क ओढायला किती वेळ लागणार, हे. १ मिलिमीटरचे कण अर्ध्या मिलिमीटरचे केले, की तेवढ्याच वजनाच्या पुडीचा दुप्पट पृष्ठभाग पाण्याला भिडतो आणि अर्क भराभर उतरतो.

पण सगळा अर्क उतरवायचाच नसतो. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. पण पुडीच्या एकूण वजनाच्या १८ ते २२ टक्के अर्क उतरला की चव जमते, हा अमेरिकेत १९५०च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट यांच्या कामातून रूढ झालेला ठोकताळा आजही वापरात आहे. त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते. जास्त उतरला तर कडू, तुरट, घसा कोरडा करणारी. अनेक घरांत या कडवटपणालाच 'मस्त कडक' म्हणतात आणि वर दोन चमचे साखर घालतात.

म्हणून आधी घड्याळ बघावं. एस्प्रेसोत ९ बार दाबाखाली पाणी २५-३० सेकंदांत पुडीतून जातं, तिथे पूड बारीकच हवी. कागदी फिल्टरवर धार धरून ३-४ मिनिटांत करायची तर बारीक रव्यासारखी. फ्रेंच प्रेसमध्ये पूड ४ मिनिटं गरम पाण्यात बुडून असते आणि जाळीही विरळ, म्हणून जाडा रवा. कोल्ड ब्रू १२ तासांहून जास्त भिजते, तीही जाडीच. तुर्की कॉफी गाळतच नाहीत, गाळ कपाच्या तळाशी बसू देतात. तिला पूड मैद्यासारखी लागते, सगळ्यांत बारीक.

एस्प्रेसोतही बारीकपणाला मर्यादा आहेच. २०२० साली 'मॅटर' या शोधपत्रिकेत आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की एका टप्प्यानंतर आणखी बारीक दळलं तर अर्क वाढायच्या ऐवजी घटतो. पूड इतकी गच्च बसते की पाणी सापडेल त्या वाटेने निसटतं आणि उरलेल्या पुडीचा नीट उपयोगच होत नाही.

गैरसमज : मोका पॉटला एस्प्रेसोचीच पूड लागते.

इटलीत १९३३ साली बियालेत्ती यांनी बाजारात आणलेलं हे अष्टकोनी भांडं गॅसवरच्या वाफेने पाणी वर ढकलतं. दाब जेमतेम १-२ बार. त्याला एस्प्रेसोपेक्षा थोडी जाडसर पूड द्यावी आणि चमच्याने ती दाबू नये. ठासून भरलेल्या मैद्यासारख्या पुडीतून पाणी वर चढत नाही, तळात दाब वाढत राहतो.

गैरसमज : दाक्षिणात्य फिल्टरला कुठलीही पूड चालते.

इथे ना यंत्राचा दाब, ना वाफेचा. वरच्या भांड्यातून डिकॉक्शन थेंबथेंब उतरतं ते केवळ स्वतःच्या वजनाने. पूड फार बारीक असेल तर भोकं बुजतात आणि पाणी तासन्‌तास वरच तुंबून राहतं. जाडी असेल तर पाचेक मिनिटांत खाली येतं, पण दूध घातल्यावर त्याचा पत्ता लागत नाही. बारीक रव्याहून किंचित बारीक पूड घ्यावी. त्यात चिकोरीचा हिशेब वेगळा: हे भाजलेलं मूळ पाणी पिऊन फुगतं आणि धार मंदावते. त्यामुळे चिकोरी मिसळलेली पूड ज्या दळणावर छान उतरते, त्याच दळणावर शुद्ध कॉफी भरभर वाहून जाते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. विकत घेताना ते वाचावं.

गैरसमज : मिक्सर असताना वेगळा ग्राइंडर कशाला?

मिक्सरचं पातं दळत नाही, तोडतं. भांडं उघडून बघा: पात्याखाली धुळीचा थर चिकटलेला आणि वर बियांचे अर्धे तुकडे. धूळ कडू होते, तुकडे आंबट राहतात आणि एकाच कपात दोन्ही चवी येतात. दोन दातेरी चकत्यांमध्ये बी चिरडणारा ग्राइंडर, मग तो हाताने फिरवायचा का असेना, कण बऱ्यापैकी एकसारखे काढतो. तो घेईपर्यंत मिक्सर सलग न चालवता थांबत थांबत फिरवावा, मध्ये भांडं हलवावं आणि मैद्याच्या चाळणीने धूळ काढून टाकावी. फ्रेंच प्रेससाठी एवढ्याने बराच फरक पडतो, एस्प्रेसोसाठी नाही.

गैरसमज : बारीक पुडीने तरतरी जास्त येते.

गरम पाण्यात कॅफिन लवकर विरघळतं, दळणाने त्यात फारसा फरक पडत नाही. बी कोणतं याने मात्र नक्की पडतो: रोबस्टा जातीच्या बियांत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं.

आणि इन्स्टंट कॉफी म्हणजे सगळ्यांत बारीक दळलेली, हेही खरं नाही. ती दळलेली पूड नव्हेच, आधी काढून वाळवलेला अर्क आहे. म्हणून ती साखरेबरोबर फेटता येते. फिल्टरची पूड तशी फेटलीत, तर कपात नुसता चोथा उरेल.