बाजारव्यवहार, लेखांक ६ : बोलीपासून पट्टीपर्यंत

वस्तूचा भाव ठरवण्याच्या ज्या रीती बाजारात रूढ आहेत, त्यांपैकी दोन मागील लेखांकांत पाहिल्या : विक्रेत्याने सांगितलेला ठराविक भाव आणि दोघांतील घासाघीस. तिसरी रीत जाहीर लिलावाची. एकच माल अनेक खरेदीदारांपुढे उघड्यावर ठेवायचा, प्रत्येकाने इतरांना ऐकू येईल अशी बोली लावायची आणि सर्वांत चढ्या बोलीवर सौदा सोडायचा, एवढे तिचे स्थूल रूप आहे. परभणी जिल्ह्यात ही रीत सर्वाधिक ठळकपणे दिसते ती मोंढ्यात, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात. आणि त्यातही मानवत व सेलू येथील कापसाच्या लिलावात. म्हणून या लेखांकात लिलावाचे विवेचन कापसाच्या आधारे केले आहे.

मानवत आणि सेलू ही कापसाची पेठ म्हणून वाढण्यामागे काळी जमीन हे एक कारण आहेच. पण विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग या भागातून गेला, सेलू आणि मानवत रोड ही स्थानके झाली आणि सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या गिरण्या या मार्गाच्या आसपास उभ्या राहिल्या, हे दुसरे तितकेच महत्त्वाचे कारण होय. खरेदीदार जेथे गोळा होतात तेथेच लिलाव शक्य होतो. एकच जिनिंगवाला असलेल्या गावात कितीही मोठ्याने बोली पुकारली, तरी तो लिलाव होत नाही.

खुल्या बोलीची ही रीत आज स्वाभाविक वाटते, पण पूर्वी कापूस आणि धान्य यांचे सौदे बहुधा हत्ता पद्धतीने होत. खरेदीदार आणि आडत्या रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली एकमेकांची बोटे धरीत आणि कोणती बोटे किती वेळा दाबली यावरून भाव ठरे. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला आपला भाव कळत नसे. आडत्या सांगेल तो आकडा त्याने मान्य करायचा. आडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल आपल्या दुकानी उतरवून घेऊन कमिशनवर विकून देणारा मध्यस्थ. तो कागदोपत्री शेतकऱ्याचा प्रतिनिधी असला, तरी त्याचा रोजचा संबंध खरेदीदाराशी असे, आणि रुमालाखाली नेमके काय ठरले याला तिसरा साक्षीदार नसे. भाव ठरल्यावर वजनात कडता, म्हणजे ओल, माती वा पोत्याच्या नावाने ठोक कपात, आणि पैशांत धर्मादाय, नमुना यांसारख्या वजावटी होत.

या व्यवहाराला कायद्याच्या चौकटीत आणण्याचा देशातील सर्वांत जुना प्रयत्न परभणीच्या उत्तरेस असलेल्या वऱ्हाडात झाला. १८८६ मध्ये कारंजा येथील कापूस बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने नियंत्रित झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. मात्र त्या नियंत्रणामागे मुंबई आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस मिळावा ही गरज मोठी होती. शेतकऱ्याला न्याय्य भाव मिळणे हा हेतू पुढे हळूहळू जोडला गेला. निजामाच्या राज्यात, ज्यात परभणी होते, कृषी बाजाराचा कायदा १९३० मध्ये झाला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र स्थापन झाला आणि १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन अधिनियमाने राज्यातील बाजार समित्या एका कायद्याखाली आल्या. शेतमालाचा भाव खुल्या लिलावाने अथवा उघड पद्धतीने ठरावा आणि रुमालाखालचा सौदा होऊ नये, हा या सर्व कायद्यांचा समान धागा आहे.

कापसाच्या लिलावाच्या इतिहासात एक मोठा खंडही आहे. राज्य शासनाने १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आणली, म्हणजे राज्यातील कापूस केवळ शासनाच्या यंत्रणेनेच विकत घ्यावा असे ठरले. त्यामुळे कापसाची बोली संपली. राहिली ती केंद्रावरची रांग, प्रतवारी आणि हप्त्याहप्त्याने मिळणारे चुकारे. २००२ नंतर खासगी खरेदीला वाट मिळाली आणि मोंढ्यात कापसाचे लिलाव पुन्हा उभे राहिले. सुमारे तीस वर्षांच्या या खंडात शेतकऱ्यांची एक पिढी बोली न ऐकता कापूस विकत आली होती, ही गोष्ट आजच्या लिलावाकडे पाहताना विसरू नये.

आता प्रत्यक्ष लिलाव. सकाळी कापसाने भरलेली वाहने, म्हणजे टेम्पो, ट्रॅक्टर आणि क्वचित बैलगाड्या, आवाराच्या दारावर नोंदवली जातात. अशा आलेल्या मालाला आवक म्हणतात आणि नोंदीच्या क्रमाने वाहने रांगेत लागतात. ठरलेल्या वेळी बाजार समितीचा कर्मचारी पहिल्या वाहनाशी उभा राहतो आणि त्याच्याभोवती परवानाधारक खरेदीदार, बहुतेक जिनिंगचालक किंवा त्यांची माणसे, जमतात. कायद्याच्या भाषेत प्रत्येक वाहन हा स्वतंत्र गट आहे : १९३० च्या माल विक्री अधिनियमानुसार लिलावातील प्रत्येक गट हा विक्रीचा वेगळा करार मानला जातो, त्यामुळे एका टेम्पोचा भाव दुसऱ्याला बंधनकारक नसतो.

बोली सुरू होण्यापूर्वी खरेदीदार वाहनात हात कोपरापर्यंत खुपसून आतला कापूस ओढून काढतात. हे ओझरते दिसणारे काम लिलावाचा गाभा आहे. वरचा थर उन्हाने सुकलेला असतो, आतला तसा असेलच असे नाही. म्हणून आतली मूठ दाबून पाहिली जाते आणि मूठ उघडल्यावर कापूस किती फुलतो यावरून ओल जोखली जाते. बोटांत धागा ताणून त्याची लांबी व ताकद पाहतात, सरकी दाताखाली धरून तिचा कडकपणा पाहतात, आणि पानाचा चुरा, कवडी म्हणजे किडके पिवळट बोंड, माती यांचे प्रमाण डोळ्यांनी ठरवतात. अर्ध्या मिनिटाच्या या तपासणीत खरेदीदाराच्या मनात एक हिशेब मांडला जातो, आणि बोली त्या हिशेबाच्या पलीकडे सहसा जात नाही.

हा हिशेब उदाहरणाने स्पष्ट करता येईल. रुईचा व्यापार खंडीने, म्हणजे ३५६ किलोच्या मापाने चालतो. समजा रुईची खंडी ५४,००० रुपये आहे, म्हणजे किलोला सुमारे १५२ रुपये, आणि सरकी ३३ रुपये किलो आहे. एका क्विंटल कापसातून ३४ किलो रुई आणि ६३ किलो सरकी निघेल असा खरेदीदाराचा अंदाज असेल, उरलेले तीन किलो घट म्हणून जाणार असेल, तर रुईचे ५,१६८ आणि सरकीचे २,०७९ असे ७,२४७ रुपये त्याच्या हाती येतील. जिनिंगचा खर्च, वाहतूक, बाजार शुल्क आणि स्वतःचा नफा मिळून त्याने ३५० रुपये धरले, तर तो ६,९०० रुपयांच्या आसपास थांबेल. रुईचा उतारा ३४ ऐवजी ३३ किलोच पडेल आणि तो किलो सरकीत जाईल असे त्याला वाटले, तर तेवढ्या एका किलोच्या फरकाने त्याची मर्यादा सुमारे ११९ रुपयांनी खाली येते. एकाच दिवशी शेजारशेजारच्या दोन वाहनांना शे-दीडशे रुपयांच्या फरकाने भाव मिळतो, त्याचे बरेचसे उत्तर या गणितात आहे.

बोली चढती असते. उघड बोलीच्या लिलावाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात : चढती बोली, जीत खालच्या आकड्यापासून वर जातात आणि शेवटचा टिकलेला खरेदीदार माल घेतो; आणि उतरती बोली, जीत वरच्या आकड्यापासून खाली येतात आणि जो पहिला हात वर करील त्याला माल मिळतो. नेदरलँड्समधील आल्समीर येथील फुलांचा बाजार दुसऱ्या प्रकारासाठी प्रसिद्ध आहे, कारण नाशवंत फुले झटपट विकली जाणे तेथे महत्त्वाचे असते. चढत्या बोलीचा गुण असा की, प्रत्येक खरेदीदाराला दुसऱ्याचा अंदाज ऐकू येतो आणि स्वतःचा अंदाज सुधारता येतो. तिचा दोषही याच गुणात दडलेला आहे : रोज तेच सात-आठ खरेदीदार समोरासमोर येत असतील, तर आज ही गाडी एकाने घ्यायची आणि उद्याची दुसऱ्याने, अशी मूक वाटणी करणे त्यांना सोपे जाते. बोली मोठ्याने झाली एवढ्यावरून स्पर्धा झाली असे सिद्ध होत नाही. जेथे बाहेरगावचे जिनिंगवाले, सूत गिरण्यांचे खरेदीदार आणि केंद्र सरकारचे भारतीय कपास निगम हे एकाच हंगामात उतरतात, तेथे वाटणी टिकणे कठीण होते. म्हणून लिलावाचा दर्जा पारखताना त्या दिवशी किती खरेदीदार खरोखर बोलत होते, हे आधी विचारावे.

आधारभूत खरेदीत भारतीय कपास निगम बोली लावत नाही. बाजारभाव सरकारने जाहीर केलेल्या आधारभूत किमतीखाली गेला की, ते ठरलेल्या प्रतीचा कापूस त्या किमतीने घेते. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसासाठी ही किंमत क्विंटलला ७,५२१ रुपये होती. त्यात ८ टक्क्यांपर्यंतची ओल पूर्ण भावास पात्र असते, १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे तेवढीच कपात होते आणि त्यापुढे माल नाकारला जातो. ज्याचा कापूस या निकषात बसतो त्याच्यासाठी ही किंमत लिलावातील बोलीला खालून आधार देते. ज्याचा बसत नाही, त्याला व्यापाऱ्याच्या बोलीशिवाय दुसरे दार नसते.

बोली थांबली की कर्मचारी शेवटचा आकडा पुकारून सौदा सुटल्याचे जाहीर करतो. माल विक्री अधिनियमानुसार हातोडा पडताच किंवा रूढ पद्धतीने घोषणा होताच लिलावाची विक्री पूर्ण होते आणि तोपर्यंत बोली लावणाऱ्याला ती मागे घेता येते. विक्रेत्याने भाव चढवण्यासाठी खोटा बोलीदार उभा केला असेल, तर खरेदीदाराला सौदा रद्द करता येतो. मोंढ्यात याखेरीज शेतकऱ्याला भाव पसंत नसल्यास माल न देण्याची मुभा आहे. न्यायालयाच्या जप्तीतील लिलावाशी तुलना केली म्हणजे या मुभेचे मोल कळते. तेथे जप्त मालमत्तेच्या मालकाला नकार देता येत नाही. विजेत्या बोलीदाराने २५ टक्के रक्कम तत्काळ आणि उरलेली १५ दिवसांत भरली की, मालकापुढे ठराविक मुदतीत सारे देणे आणि विक्रीच्या रकमेच्या ५ टक्के भरून विक्री रद्द करून घेण्याचा मार्ग मुख्यतः उरतो. शेतकरी मात्र स्वेच्छेने विकणारा आहे, असे बाजाराचा कायदा गृहीत धरतो.

सौदा सुटल्यावर वाहन आवारातून खरेदीदाराच्या जिनिंगकडे जाते, भुईकाट्यावर भरलेले वजन होते, माल रिकामा होतो आणि रिकाम्या वाहनाचे वजन वजा करून निव्वळ वजन निघते. सर्वाधिक तंटे याच टप्प्यावर होतात, कारण वाहन रिकामे होत असताना तळाचा कापूस ओला वा किडका निघाला, असे सांगून लिलावात ठरलेला भाव तोडण्याचा प्रयत्न होतो. कधी ही तक्रार खरी असते. तळाशी ओला कापूस भरणारे विक्रेतेही आहेत. परंतु अर्धे वाहन रिकामे झालेल्या, गावापासून लांब उभ्या असलेल्या शेतकऱ्याची त्या क्षणी नकार देण्याची ताकद जवळजवळ संपलेली असते. चार लोकांदेखत ठरलेला भाव दोघांतच बदलू लागला, की रुमाल पुन्हा पसरला गेला असे समजावे. म्हणून अशा वेळी सौदा परस्पर न मिटवता बाजार समितीच्या माणसाला बोलावणे आणि वाद समितीच्या विवाद उपसमितीपुढे नेणे हाच योग्य मार्ग होय.

शेवटी हिशेबपट्टी येते. तीत वजन, भाव, एकूण रक्कम, हमाली व तोलाई यांच्या मान्य वजावटी आणि हाती येणारी निव्वळ रक्कम लिहिलेली असते. बाजार शुल्क खरेदीदाराने भरायचे असते, त्यामुळे ते पट्टीत शेतकऱ्याच्या नावे दिसता कामा नये. दिवसअखेर समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर प्रसिद्ध करते. सर्वसाधारण दर म्हणजे पहिल्या दोघांची सरासरी नाही. ज्या भावाच्या आसपास त्या दिवशीचा बहुतेक माल विकला गेला, तो दर. गावात चर्चा मात्र कमाल दराची होते, आणि हंगामाच्या आरंभी काटापूजन करून, पहिल्या शेतकऱ्याला शाल-श्रीफळ देऊन जो मुहूर्ताचा भाव दिला जातो, त्याची सर्वांत जास्त. तो एका वाहनाचा सन्मान असतो. हंगामाचा भाव त्यावरून काढू नये.

भाव नाकारण्याच्या मुभेला अर्थ येण्यासाठी माल थांबवून ठेवण्याची सोय लागते. सोयाबीन, तूर, हरभरा अशा मालाला ती काही प्रमाणात आहे : राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत, जी १९९० पासून चालू आहे, माल समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. कापूस या योजनेत बसत नाही. तो घरातच साठवावा लागतो, जागा व्यापतो, आगीची धास्ती असते आणि वजनही घटत जाते. शिवाय आवारात आणलेले वाहन भाव नापसंत म्हणून परत न्यायचे, तर जाण्यायेण्याचे दोन्ही भाडे अंगावर पडते. म्हणूनच कितीतरी शेतकरी मोंढ्याची वाट न धरता खेडा खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला दारातच कापूस देतात, जेथे बोली लावणारा एकटाच असतो.